कर्णनाद आणि तज्ज्ञांचे साहाय्य

रात्री घरात निजानीज होते, रस्त्यावरील रहदारी थांबते आणि नेमक्या त्याच वेळी काही माणसांच्या कानांत शिट्टी वाजू लागते. कोणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, तर कोणाला वाफेचा सूसू असा आवाज. बाहेर असा ध्वनी मुळीच नसतो. या विकारास कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेतील २८ कर्णरोगांत त्याची गणना आहे. थोर संगीतरचनाकार बीथोव्हेन यानेही १८०१ साली आपल्या एका वैद्यमित्रास पत्राने हीच व्यथा कळविली होती.

कर्णनाद हा बहुधा स्वतंत्र रोग नसून दुसऱ्या एखाद्या बिघाडाचे लक्षण असतो. आपल्या प्रत्येक अंतःकर्णात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. वार्धक्याने अथवा कारखान्यातील सततच्या गोंगाटाने त्या नष्ट झाल्या, तर पुन्हा निर्माण होत नाहीत. मेंदूकडे जाणारा संदेश मग क्षीण होतो. रेडिओवर केंद्र नीट लागत नसताना आवाज वाढवावा आणि खरखरच मोठी व्हावी, तसे काहीसे मेंदूत घडते, असे अनेक संशोधक मानतात. शांततेत हा नाद अधिक जाणवतो. अमेरिकेत १९५३ साली हेलर व बर्गमन यांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत बसविले, तेव्हा शेकडा ९४ जणांना काही ना काही नाद ऐकू आला. तेव्हा असा नाद ऐकू येणे हे वेडाचे लक्षण खचित नव्हे.

तरीही लोक काय म्हणतील या भीतीने पुष्कळजण गप्प राहतात. जे बोलतात त्यांना 'याला औषध नाही, सवय करून घ्या' असे उत्तर मिळते. हे अर्धसत्य होय. नाद समूळ नाहीसा करणारे हमखास औषध नाही हे खरे. परंतु त्यापासून होणारा त्रास कमी करता येतो, हेही तितकेच खरे.

प्रथम कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे जावे. कधी साचलेला मळ किंवा मध्यकर्णाचा दाह एवढेच कारण निघते. काही औषधांनीही कर्णनाद उद्भवतो. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी, मात्र आपल्या मनाने एकही बंद करू नये. नाद एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. ऐकू येणे एकाएकी कमी झाले, जोराची चक्कर येऊ लागली किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पुढची पायरी श्रवणतज्ज्ञाची. तो श्रवणशक्ती मोजतो. ती उणी असेल, तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज स्पष्ट होतात आणि नाद पुष्कळदा मागे पडतो. रात्री पंख्याचा किंवा मंद संगीताचा आवाज चालू ठेवण्यासही तो सुचवितो. झोप उडाली असेल, मन खचले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. विचार व वर्तन यांना वळण लावणारी उपचारपद्धती नादाचा आवाज कमी करीत नाही, पण त्याची धास्ती कमी करते, असे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे.

म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईतील वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या श्रवणविषयक कार्याच्या प्रमुख संस्था होत. बेळगाव, हैदराबादसारख्या शहरांतही कान-नाक-घशाचे तज्ज्ञ आहेत. जाहिरातींतील खात्रीच्या तेलांवर पैसा घालविण्यापूर्वी त्यांचा सल्ला घ्यावा.

घरच्या माणसांनीही 'मनाचे खेळ' म्हणून रुग्णाला झिडकारू नये. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि पहिल्या तपासणीस त्याच्याबरोबर जावे.