रंगभंगाची कथा : कंदपुष्पांचा विषाणू

धार आणि देवास येथील मराठी घरांच्या अंगणांत निशिगंधाचा वाफा हा तसा नवलाचा विषय नव्हे. मराठीत निशिगंध वा गुलछडी, माळव्याच्या बोलीत रजनीगंधा, फूल एकच. त्याचा कंद शेजारणीकडून शेजारणीकडे, माहेराहून सासरी असा हातोहात जातो. बियाणे विकत आणावे लागत नाही, आणि आईच्या वाफ्यातील फूल लेकीच्या वाफ्यात जसेच्या तसे उमलते. परंतु कंदाबरोबर केवळ सुगंधाचाच वारसा येतो असे नाही. कधी कधी त्याच्या पोटात एक न दिसणारा पाहुणाही दडून येतो. त्या पाहुण्याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या ओळखीचा आरंभ हॉलंडपासून करावा लागतो. वनस्पतिशास्त्रज्ञ कॅरोलस क्लुसियस १५९३ मध्ये लायडेनच्या उद्यानात आला आणि त्याच्यामुळे ट्यूलिपची लागवड त्या देशात रुजली. एकरंगी ट्यूलिपवर एखाद्या वर्षी अकस्मात पांढऱ्या वा पिवळ्या जमिनीवर तांबड्या-जांभळ्या ज्वाळांसारखे पट्टे उमटत. अशा फुलांचे कंद अफाट किमतीला विकले जाऊ लागले. ‘सेम्पर ऑगस्टस’ हे त्यांतील सर्वांत नावाजलेले. फेब्रुवारी १६३७ मध्ये तो बाजार कोसळला. मात्र रंग फुटलेले कंद पुढे क्षीण होत जातात, हे खुद्द क्लुसियसच्याच ध्यानात आले होते. सौंदर्य आणि ऱ्हास यांचे मूळ एकच आहे, हे सिद्ध होण्यास मात्र तीन शतके जावी लागली. १९२८ मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स उद्यानसंस्थेतील डोरोथी केली या विदुषीने रंग फुटलेल्या कंदाचा तुकडा निरोगी कंदाला जोडून दाखविला. पट्टे निरोगी झाडातही उतरले. ज्याला गुण समजत होते तो रोग होता, आणि तोही संसर्गजन्य!

हा रोगकारक म्हणजे ट्यूलिपच्या रंगभंगाचा विषाणू होय. बटाट्यावरील ‘पोटॅटो व्हायरस वाय’ या विषाणूवरून ज्या कुळाला ‘पॉटीव्हायरस’ हे नाव पडले, त्यातीलच हा एक. त्याचे रूप लवचिक तंतूसारखे असते. लांबी सुमारे ७५० नॅनोमीटर. असे तेराशेच्या वर तंतू टोकाला टोक लावून ठेवावेत, तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरेल. तंतूच्या आत आर. एन. ए. चा एकच धागा आणि भोवती प्रथिनाचे आवरण, एवढाच त्याचा संसार. स्वतः अन्न घेणे नाही, श्वसन नाही. वनस्पतीच्या पेशीत शिरल्यावर तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती करवून घेणे एवढेच त्याला साधते.

मग पट्टे का पडतात? ट्यूलिपच्या पाकळीचा रंग दुपदरी असतो. तळाशी पांढरी वा पिवळी छटा, आणि वरच्या त्वचेच्या पेशींत तांबडा-जांभळा अँथोसायनिन हा रंग. विषाणूमुळे हा वरचा रंग कोठे तयार होत नाही, कोठे अधिकच दाटतो. जेथे तो नसतो तेथे तळाची छटा उघडी पडते. म्हणूनच मुळात पांढऱ्या किंवा पिवळ्या असलेल्या ट्यूलिपवर पट्टे दिसत नाहीत. रोग असतो, पण त्याची खूण फुलावर उमटत नाही.

हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम मावा करतो. सोंडेने पानाचा रस चाखताना अवघ्या काही सेकंदांत वा मिनिटांत विषाणू तिच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडात तितक्याच त्वरेने उतरतो. फवारलेल्या औषधाने मावा मरेपर्यंत त्याचे काम बहुधा उरकलेले असते. म्हणून केवळ कीटकनाशकावर विसंबून हा रोग आवरत नाही.

माळव्याच्या हवेत ट्यूलिप रुजत नाही. त्याच्या कंदाला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. पण त्या विषाणूचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. ग्लॅडिओलसवर घेवड्याचा पिवळा मोझेक विषाणू आढळतो. तो मुळात कडधान्यवर्गीय पिकांवरचा. त्यामुळे वाटाण्याच्या शेतालगत ग्लॅडिओलस लावणे म्हणजे माव्याला दोन घरांमधली वाट मोकळी करून देणे होय. निशिगंधावरील सौम्य मोझेक विषाणूची भारतातील पहिली नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. यात पानांवर शिरांना समांतर फिकट रेघा उमटतात.

येथे एक सावधगिरी हवी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गॅमा किरणांच्या साहाय्याने ‘रजतरेखा’ व ‘स्वर्णरेखा’ हे निशिगंधाचे वाण निर्माण केले. त्यांच्या पानांवरील रेघा आनुवंशिक आहेत, रोगाच्या नव्हेत. तसेच आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या अभावीही पाने पिवळी पडतात. परंतु तो पिवळेपणा कोवळ्या पानांपासून सुरू होतो आणि बहुधा सबंध पट्ट्यात दिसतो. विषाणूग्रस्त झाडे मात्र आरंभी वाफ्यात विखुरलेली आढळतात. हा भेद न ओळखल्यास शेतकरी खतावर पैसा घालतो, रोगट झाड जागेवरच राहते, आणि पुढील हंगामासाठी तेच कंद राखले जातात. खरे नुकसान एका हंगामाच्या फुलांचे नसून बेण्याचे असते.

विषाणू शिरलेल्या झाडावर शेतात उपाय नाही. रोगट झाड कंदासह उपटून नष्ट करणे, बेणे निवडताना कंदाच्या आकाराइतकेच उभ्या झाडाच्या पानांकडेही लक्ष देणे, आणि मोल असलेला वाण वाचवायचा तर शेंड्यावरील सूक्ष्म ऊतीपासून प्रयोगशाळेत नवी रोपे वाढविणे, हेच मार्ग उरतात. शेंड्याच्या अगदी टोकाच्या पेशींपर्यंत विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो, यावर ही शेवटची पद्धत आधारलेली आहे.

कंद देणे-घेणे ही आपल्याकडील स्नेहाची रीत आहे, आणि ती टिकावी. मात्र देणाऱ्याने कंद हिवाळ्यात, झाड सुकल्यावर देण्यापूर्वी, पावसाळ्यातच त्याची हिरवी पाने एकवार उजेडात न्याहाळून घ्यावीत. ज्या झाडावर रेघा दिसतील, त्याचा कंद कोणास देऊ नये, आणि स्वतःच्या वाफ्यातही ठेवू नये.