फेस न येऊ देता

फ्रिजमधून काढलेल्या कुपीच्या तळाशी पांढरी, कोरडी पूड असते. सिस्टर सिरिंजमधलं पाणी काचेच्या कडेवरून हळूहळू सोडतात, थेट पुडीवर नाही. मग कुपी हलकेच गोल फिरवत राहतात. अँटिबायोटिकची कुपी खळाखळा हलवणारे तेच हात या एका औषधापाशी सावकाश होतात. शेजारी उभ्या असलेल्या नव्या नर्सला त्या सांगतात, "हे प्रोटीन आहे. जोरात हलवलं की फेस येतो, आणि मग औषधाची ताकद जाते." द्रावण नितळ दिसलं नाही, तर ती कुपी वापरायची नाही.

मुंबईतल्या एका कर्करोग रुग्णालयाचा हा मुलांचा डे केअर. भाचीच्या आजारपणात मी इथल्या बाकांवर बराच काळ बसले. इथे सगळे या इंजेक्शनला 'एल-अ‍ॅस्पा' म्हणतात. पूर्ण नाव एल-अ‍ॅस्पॅराजिनेज. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरचं, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरचं हे एक मुख्य औषध आहे.

इतर बहुतेक केमो पेशीत शिरून तिचं विभाजन बिघडवतात. एल-अ‍ॅस्पा हे विकर, म्हणजे एन्झाइम, आहे आणि ते आपलं काम रक्तात करतं. आपल्या रक्तात अ‍ॅस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल असतं. निरोगी पेशींना कमी पडलं तर त्या ते स्वतः तयार करतात. ल्युकेमियाच्या पेशींची ही क्षमता फार तोकडी असते, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त रक्तातल्या साठ्यावर. विकर तो साठाच तोडून त्याचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया करून टाकतं. मग त्या पेशींना प्रथिनं बनवता येत नाहीत आणि त्या मरतात.

हे कळलं गिनीपिगमुळे. 1953 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन किड यांनी लिम्फोमाच्या गाठी असलेल्या उंदरांना गिनीपिगच्या रक्ताचं सीरम दिलं, आणि गाठी विरघळल्या. गिनीपिगच्या रक्तात हे विकर असतं, हे क्लेमेंटी यांनी 1922 मध्येच नोंदवून ठेवलं होतं, पण दोन्ही गोष्टींची सांगड 1961 मध्ये जॉन ब्रूम यांनी घातली. मात्र माणसाला पुरेल इतकं औषध गिनीपिगांच्या रक्तातून काढणार कसं? 1964 मध्ये मॅशबर्न आणि रिस्टन यांनी ई. कोलाय जिवाणूतलं विकरही गाठींवर चालतं हे दाखवलं आणि तो प्रश्न सुटला. जिवाणू हवे तेवढे वाढवता येतात. आज वॉर्डात येणारी कुपी त्याच वाटेची आहे.

डोस उंची आणि वजनावरून काढतात. मांडीच्या स्नायूत सुई जाते. औषध दोन मिलीपेक्षा जास्त असेल तर दोन ठिकाणी विभागून. नंतर निदान तासभर कुणी हलायचं नाही. ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनलिन आणि हायड्रोकॉर्टिसोन तयार असतं. बीडहून आलेली एक आई दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरली होती. तिने विचारलं, "सिस्टर, पहिली दोन इंजेक्शनं तर काही न होता गेली, मग आता कशाला थांबायचं?" सिस्टर तिच्याजवळ बसल्या. "ताई, पहिल्या वेळी शरीराला हे औषध नवं असतं. मधे खंड पडून पुन्हा दिलं की ते ओळखतं आणि अंगावर येतं. शिवाय सुरुवातीला स्टेरॉइड चालू असतं, त्याने अ‍ॅलर्जी दबून राहते." आईने मान हलवली आणि मुलाच्या ओठांकडे, मानेकडे बघत राहिली.

अ‍ॅलर्जी निदान दिसते. पोटात कळ आली तर स्वादुपिंडाला सूज आली असेल, म्हणून अमायलेज आणि लायपेज तपासतात. डोकं सतत दुखू लागलं तर मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याची शंका घेतात, कारण या औषधाने यकृतात बनणारी, रक्त गोठू न देणारी प्रथिनंही कमी होतात. साखर वाढते. घरी जाताना सिस्टर हे सगळं प्रत्येक आईबापाकडून वदवून घेतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) जोडलेलं या औषधाचं नवं रूप शरीरात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे सुया कमी होतात. ते महाग आहे. पण माझी खरी काळजी निराळी आहे. काही मुलांच्या शरीरात या विकराविरुद्ध प्रतिपिंडं गुपचूप तयार होतात. पुरळ नाही, धाप नाही. औषध मात्र रक्तात निष्प्रभ होतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कुप्यांची ताकद सारखी भरत नाही, हेही आपल्याकडच्या अभ्यासात दिसलेलं आहे. दोन्ही गोष्टी कळण्याचा मार्ग एकच: ठरलेल्या दिवशी रक्त घेऊन त्यात विकर किती काम करतंय ते मोजायचं. मिलीलिटरला 0.1 युनिट ही साधारण मान्य किमान पातळी. जिथे मुलांना हे इंजेक्शन देतात, तिथे ही तपासणी मिळालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या भाचीचा आकडा त्या रेषेच्या खूप खाली आला. डॉक्टरांनी ई. कोलायचं औषध बंद करून इर्विनिया या दुसऱ्या जिवाणूपासून काढलेलं विकर सुरू करायचं ठरवलं, आणि ते मिळवण्यासाठी आमची धावाधाव झाली. तिला इंजेक्शननंतर एकदाही साधी खाजसुद्धा सुटली नव्हती. ती तपासणी झाली नसती, तर उरलेले सगळे डोस तिला तसेच दिले गेले असते.