कागदाशी इमान राखणारा पडदा

डिझायनरचं टेबल : भाग ६

मागच्या भागात आपण प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक कार्डाचा विचार केला. त्यांतलं काही कमी पडलं तर काम रेंगाळतं, पण फाइल बिघडत नाही. मॉनिटर चुकीचा असला तर तुम्ही अगदी मन लावून चुकीचा रंग निवडता, आणि ते कळतं तेव्हा प्लेटा निघून छपाई सुरू झालेली असते. म्हणून माझं मत ठाम आहे : पैसे मोजकेच असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण मॉनिटरच्या बाबतीत तडजोड करू नका.

दुकानात जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून ठेवा. माझं काम शेवटी कुठे पोचतं? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं निमंत्रण, आर्ट कार्डावर छापलेलं दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, मॅपलिथो कागदावरचं पुस्तक आणि चौकातला फ्लेक्स या चारही गोष्टी एकाच टेबलावर तयार होत असतील, पण त्यांच्या रंगांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. महिन्याची कमाई यांतल्या कशावर उभी आहे, त्यावर मॉनिटर ठरतो.

मॉनिटर जास्तीत जास्त किती रंग दाखवू शकतो, त्या पल्ल्याला गॅमट म्हणतात. यातलं सर्वांत ओळखीचं माप म्हणजे एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये ते मांडलं, तेव्हाच्या काचेच्या नळीचे मॉनिटर काय दाखवू शकत होते ते पाहून. आजही इंटरनेटवरची बहुतेक चित्रं याच मापात असतात. दुसरं माप अ‍ॅडोबी आरजीबी, १९९८ चं. त्याची कथा मजेदार आहे. फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत एका टीव्ही प्रमाणाचे आकडे घालायचे होते. ते घेताना चूक झाली आणि मुळापेक्षा मोठी कलर स्पेस तयार झाली. छपाईची कामं करणाऱ्यांना ती इतकी सोयीची वाटली की कंपनीने ती न काढता नाव बदलून कायम ठेवली. ती का आवडली, ते एका शाईवरून कळतं. चकचकीत आर्ट पेपरवर शुद्ध सायन छापला तर तो एसआरजीबीच्या हद्दीबाहेर जातो. म्हणजे साधा मॉनिटर तो रंग दाखवूच शकत नाही; कागदावर पडद्यापेक्षा जास्त उठावदार निळा उमटतो. सायन आणि पिवळा पूर्ण टाकून केलेल्या हिरव्याचंही तसंच. अ‍ॅडोबी आरजीबीत हे दोन्ही बसतात.

तेव्हा तुमची मुख्य कमाई मुखपृष्ठं, कॅटलॉग, पॅकेजिंग अशा आर्ट पेपरवरच्या छपाईची असेल, तर अ‍ॅडोबी आरजीबीचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दाखवणारा मॉनिटर घेणं सार्थकी लागतं. मॅपलिथो किंवा वृत्तपत्राचा कागद शाई शोषून घेतो, त्याचा रंगपल्ला इतका आक्रसलेला असतो की तिथे हा जादा खर्च जवळपास वाया जातो. फ्लेक्स दुरून पाहिला जातो, त्यालाही या खर्चाची गरज नाही. सोशल मीडियाच्या कामाला एसआरजीबी पूर्ण भरलेला मॉनिटर पुरतो. नवे फोन डिस्प्ले पी-थ्री या थोड्या मोठ्या मापाचे येतात, पण ग्राहकांपैकी कोणाच्या हातात कोणता फोन असेल हे तुमच्या ताब्यात नसतं, म्हणून पोस्ट एसआरजीबीतच तयार करावी असं मी सांगेन.

जाहिरातीतले आकडे वाचताना सावध राहा. खोक्यावर ‘७२ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसतं. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ चं माप आहे, आणि त्याच्या क्षेत्रफळाचे ७२ टक्के म्हणजे साधारण एसआरजीबीएवढं क्षेत्रफळ. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेला स्वस्त लॅपटॉप म्हणजे एसआरजीबीच्या दोनतृतीयांशापेक्षाही कमी; त्यावर लाल रंग विटकरी दिसतो. बरं, क्षेत्रफळ सारखं म्हणजे रंगही तेच, असंही नाही. लाल रंगाकडे पल्ला वाढवून हिरव्याकडे कमी ठेवला तरी बेरीज १०० भरते. म्हणून माहितीपत्रकात ‘कव्हरेज’ हा शब्द शोधायचा. ‘१२५ टक्के एसआरजीबी’ हा दावा निव्वळ आकाराचा आहे. तुम्हाला हव्या त्या रंगांपैकी किती दिसतील ते त्यातून कळत नाही.

भगव्याबद्दल इथेच बोलायला हवं, कारण आपल्याकडे गणेशोत्सवाच्या पत्रिकांपासून गडकोटांवरच्या पुस्तकांपर्यंत हा रंग सतत लागतो. पडद्यावर तळपणारा भगवा मॅजेंटा आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून कागदावर तसा उतरत नाही; चार शाईंच्या छपाईची ती मर्यादा आहे. महागातला महाग मॉनिटर आणला तरी ती हटणार नाही. पण चांगला मॉनिटर असेल आणि फाइल छपाईच्या प्रोफाइलमधून पाहिली, तर भगवा किती मंदावणार आहे ते आधीच दिसतं. मग ग्राहकाला आधी सांगता येतं, किंवा पाचवी शाई म्हणून पँटोन ऑरेंज ०२१ सारखा स्पॉट कलर सुचवता येतो. मशीनसमोर उभं राहून ग्राहकाशी वाद घालण्यापेक्षा हे फार बरं.

पॅनलच्या प्रकाराबाबत फार घोळ घालायची गरज नाही : आयपीएस घ्या. टीएन पॅनलवर मान जरा हलवली तरी रंग बदलतो. व्हीएवर काळा रंग गडद येतो, पण कडेने पाहिलं की गडद छटा फिकट होतात. ओएलईडी दिसायला सुंदर आहे, तरी फोटोशॉपचे टूलबार दिवसाचे आठ तास एकाच जागी उभे असतात आणि अशा स्थिर आकृत्यांचे डाग त्यावर कायमचे उमटण्याचा धोका राहतो. काही ओएलईडींवर बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते, हा आणखी एक दोष. रिफ्रेश रेट गेम खेळणाऱ्यांसाठी महत्त्वाचा असतो. आपल्याला ६० हर्ट्झ पुरे.

आकाराचा निर्णय मात्र फुटपट्टी घेऊन करावा. ए-फोर मासिकाची समोरासमोरची दोन पानं उघडली की ४२० बाय २९७ मिलिमीटर होतात. २४ इंची, १६:९ प्रमाणाच्या मॉनिटरची उंची साधारण २९९ मिलिमीटर. वरचा मेनू आणि खालची पट्टी धरली तर पान खऱ्या मापात मावतच नाही. त्याच २४ इंचांत १६:१० प्रमाण घेतलं तर उंची ३२३ होते. २७ इंची १६:९ मध्ये ३३६. खऱ्या मापात पान पाहणं ही चैन नाही. शीर्षकाचा आकार आणि मजकुराची घनता ५० टक्के झूमवर पाहून ठरवली, तर छापील पानावर चूक हमखास जाणवते.

दुसरा हिशोब देवनागरीचा आहे, आणि इंग्रजीतल्या शिफारशी वाचून मॉनिटर घेणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो. ८ पॉइंटांची तळटीप घ्या. २४ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असतात, म्हणजे त्या अक्षराच्या पूर्ण उंचीच्या वाट्याला येतात जेमतेम १० पिक्सेल. रोमन अक्षराचं त्यात भागून जातं. आपल्याला मात्र शिरोरेषा, तिच्यावरची वेलांटी आणि अनुस्वार, मधलं जोडाक्षर आणि खालचा उकार, हे सगळं त्या दहा पिक्सेलांत कोंबावं लागतं. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ मधला फरक दिसत नाही, आणि मुद्रितशोधनाची चूक डिझायनरच्या टेबलावरूनच पुढे जाते. २७ इंची २५६० बाय १४४० च्या पडद्यावर हेच अक्षर १२ पिक्सेलांचं होतं, आणि २७ इंची फोर-के वर १८. मराठी मजकुराची मांडणी करणाऱ्याने शक्य असेल तर फोर-के घ्यावा, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता छापखान्यात सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार : ‘पडद्यावर छान उजळ होतं, छापून काळवंडलं.’ यात दोष बहुतेक वेळा छपाईचा नसतो. नवा मॉनिटर कारखान्यातून २५०, ३०० किंवा त्याहून जास्त कँडेला प्रति चौरस मीटर इतक्या झगझगीत ब्राइटनेसवर येतो. छापील नमुना पाहण्यासाठी धरलेल्या ५०० लक्स उजेडात पांढरा कागद सुमारे १३० कँडेलाच परत फेकतो. दुप्पट उजळ पडद्यावर पाहून तुम्ही फोटो गडद करत नेता आणि कागदावर तो अंधारात बुडतो. छपाईच्या कामासाठी ब्राइटनेस १०० ते १२० वर आणावा. पहिले दोन दिवस पडदा मळकट वाटेल, मग डोळे रुळतात. खोलीकडेही लक्ष द्या. गुलाबी किंवा पिस्ता भिंतीचा रंग पडद्यावरच्या राखाडीत मिसळतो, खिडकी समोर असेल तर दुपारी काळा रंग धुवून निघतो. कागद तपासण्यासाठी छपाईच्या प्रमाणात ५००० केल्विनचा उजेड धरलेला आहे. दुकानात सहज मिळणारी ‘कूल डेलाइट’ ट्यूब ६५०० केल्विनची असते आणि तिच्याखाली कागद निळसर दिसतो.

एवढं करूनही मॉनिटर कायम खरं बोलेल याची हमी नाही. खोक्यात ‘डेल्टा ई २ पेक्षा कमी’ असा तपासणीचा कागद येतो. डेल्टा ई म्हणजे हवा तो रंग आणि दिसलेला रंग यांतलं अंतर, आणि २ पेक्षा कमी हे खरोखरच चांगलं. पण ते कारखान्यातल्या त्या दिवसाचं, बहुतेकदा पडद्याच्या मध्यावर घेतलेलं सरासरी माप असतं. कोपऱ्यांबद्दल ते काही सांगत नाही, आणि पुढे मागचा दिवा जुना होतो तसा रंग सरकत जातो. त्यासाठी कॅलिब्रेटर लागतो : पडद्यावर टेकवायचं, रंग मोजणारं छोटं यंत्र. कॅलिब्राइट आणि डेटाकलर यांची यंत्रं सहज मिळतात, आणि डिस्प्लेकॅल हे फुकट सॉफ्टवेअर त्यांतल्या बऱ्याच यंत्रांसोबत चालतं. किंमत एखाद्या बऱ्यापैकी मॉनिटरइतकी पडते, पण ते महिन्या-दोन महिन्यांतून अर्धा तासच लागतं. चार डिझायनरांनी वर्गणी काढून एक घेतलं तर कोणालाच जड जाणार नाही. मोजण्याआधी पडदा अर्धा तास चालू ठेवावा.

दुरुस्ती मॉनिटरच्या आतच नोंदवण्याची सोय असेल, म्हणजे हार्डवेअर कॅलिब्रेशन, तर उत्तम. ईझोच्या कलरएज आणि बेनक्यूच्या एसडब्ल्यू मालिकांत ती असते. साध्या मॉनिटरवर हीच दुरुस्ती ग्राफिक कार्डात करावी लागते, तिथे छटांच्या पायऱ्या कमी पडतात आणि आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात पट्टे उमटतात.

लॅमिंग्टन रोड असो वा तुमच्या गावातलं दुकान, प्रदर्शनातले सगळे मॉनिटर भडक मोडवर लावलेले असतात. तो मोड बंद करून घ्या. सोबत पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी न्या : एकसंध मध्यम राखाडी पान, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी छटांची पट्टी, आणि तुम्हीच केलेल्या एखाद्या मुखपृष्ठाची पीडीएफ. त्या मुखपृष्ठाची छापील प्रतही हातात असू द्या, शक्यतो मॅट लॅमिनेशन न केलेली, कारण त्याने रंग दबतो. राखाडी पानावर कोपरे पिवळट किंवा गुलाबी दिसले तर तो नग परत करा, कितीही सूट मिळत असली तरी. गॅमट मोठा असलेला मॉनिटर घेणार असाल तर त्यात एसआरजीबी मोड आहे का आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येतो का, ते स्वतः करून पाहा. हा मोड नसेल तर रंगव्यवस्थापन न करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चेहरे टोमॅटोसारखे लाल दिसतात.

पुढच्या आठवड्यात आयसीसी प्रोफाइल आणि सॉफ्ट प्रूफ. तोपर्यंत तुमच्या छापखान्यात एक फोन करून ठेवा : ते कोणत्या प्रोफाइलवर छापतात, फोग्रा ३९, फोग्रा ५१ की स्वतःचं काही, आणि ती फाइल तुम्हाला मेलने पाठवतील का.