फंक्शन आहे का? आधी खातरजमा करा

आमच्या कापड दुकानाचा बिलाचा प्रोग्राम पीएचपी भाषेत लिहिलेला. सर्व्हरवर पीएचपीची नवी आवृत्ती चढली आणि ऐन गिऱ्हाइकीत बिल निघेना. प्रोग्राम 'मायएसक्यूएल_कनेक्ट' हे जुने फंक्शन बोलावत होता. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून ते काढून टाकले आहे. नसलेले फंक्शन बोलावले की काम तिथेच ठप्प.

गिऱ्हाइकाला हो म्हणण्याआधी आपण गोदामात ठाण आहे का ते पाहतोच. तेच काम 'फंक्शन_एक्झिस्ट्स' करते. त्याला फंक्शनचे नाव द्यावे. हो किंवा नाही असे उत्तर मिळते. नाही आले तर 'मायएसक्यूएलआय'ची दुसरी वाट आधीच लिहून ठेवावी.

क्लासमधल्या मेथडसाठी 'मेथड_एक्झिस्ट्स' आहे. पण गाफील राहू नये. मेथड प्रायव्हेट असली तरी ते 'आहे' म्हणते. कारागीर कारखान्यात आहे, पण बाहेरचे काम घेत नाही, तसा हा प्रकार. आपल्याला ती बोलावता येईल का, हे 'इज_कॉलेबल' सांगते.

व्यापारी बांधवांनी आपल्या प्रोग्रामरला एवढे जरूर विचारावे: आवृत्ती बदलली तर कोणती फंक्शने जातील, आणि तपासणी लिहिली आहे का?