दांडा सामायिक, पातें ज्याचें त्याचें

बीड जिल्ह्यांतील दिंद्रुडसारख्या गांवीं बलुतेदारीच्या काळीं न्हाव्याच्या धोकटींतला वस्तरा धार लावून घरोघर फिरे. पातें बदलण्याची सोय त्यांत नव्हती. ती सोय अमेरिकेंत जिलेट यांनीं केली. १९०४ सालीं त्यांना तिचें पेटंट मिळालें. पुढें १९२० नंतरच्या दशकांत जेकब शिक या सैन्याधिकाऱ्यानें निराळी युक्ति काढली. एका धातूच्या डबींत पातीं रचलेलीं असतात. डबीचें टोंक वस्तऱ्याच्या डोक्यांत घालून खटका पुढें सारला कीं नवें पातें आंत शिरतें व जुनें बाहेर पडतें. धारेला बोट लागत नाहीं.

हौशी मंडळी असा एकच वस्तरा आळीपाळीनें वापरून पाहतात. त्यांत धोका आहे तो पात्याचा. दाढी करतांना त्वचेवर न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात, आणि यकृतास सूज आणणारे हिपॅटायटिस-बीचे विषाणु शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतात. म्हणून वस्तरा हातीं येतांच जुनें पातें काढून कठीण डब्यांत टाकावें, डोकें साबणानें घासून धुवावें, जंतुनाशकांत भिजवावें आणि मगच आपलें नवें पातें भरावें. धोकटींतल्या वस्तऱ्याला जें शक्य नव्हतें, तें आज एका पात्याच्या किमतींत साधतें.