भीर ते बीड: जनगणनेच्या आकड्यांचा सांधा

1891 च्या जनगणनेत भीर जिल्ह्याची लोकसंख्या 6,42,722 भरली होती. दहा वर्षांनी, 1 मार्च 1901 च्या रात्री शिरगणती झाली, तेव्हा ती 4,92,258 वर आली होती. मधल्या दहा वर्षांत दीड लाख माणसे कमी झाली. 1899-1900 च्या दुष्काळाने या मुलखाचे काय केले, हे इतक्या थोड्या अक्षरांत सांगणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही. पण ही वजाबाकी मांडणाऱ्याला आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: 1891 चे भीर, 1901 चे भीर आणि आजचे बीड हा एकच मुलूख आहे का?

जुनी जनगणना जपण्याचे सगळे काम याच प्रश्नाभोवती फिरते. कागद टिकवणे हा त्यातला निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे वेगवेगळ्या दशकांतले आकडे एकमेकांशी बोलू शकतील अशा रीतीने लावणे.

बीड जिल्ह्यात हा विषय आज विद्वानांपुरता राहिलेला नाही. वारकऱ्यांची धाकटी पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडावर 12 ऑक्टोबर 2024 ला मराठा आरक्षणाचे आंदोलन चालवणाऱ्या मनोज जरांगे पाटलांचा दसरा मेळावा झाला, तोवर ‘हैदराबाद गॅझेट’ हे नाव पारावर आणि चहाच्या टपरीवर रुळले होते. 2 सप्टेंबर 2025 ला त्यावर शासन निर्णयही निघाला. निजामाच्या राज्यातल्या जनगणनेचे तक्ते शेतकऱ्याच्या तोंडी यावेत, असे भारतात फार ठिकाणी घडलेले नसेल. आरक्षणाच्या वादाचा निकाल न्यायालये लावतील. मला सांगायचे आहे ते त्या कागदांविषयी, कारण त्यांच्याकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, याबद्दल बराच गोंधळ आहे.

बीड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा. 17 फेब्रुवारी 1881 ला ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबर इथेही जनगणना झाली, आणि पुढे दर दहा वर्षांनी होत राहिली. 1901 चा हैदराबादचा अहवाल मिर्झा मेहदी खान यांनी लिहिला, 1931 चा गुलाम अहमद खान यांनी. 1901 मध्ये देशभर चिठ्ठीची पद्धत आली. प्रगणकाने घरोघर भरलेल्या तक्त्यातून प्रत्येक माणसाची माहिती एका छोट्या चिठ्ठीवर उतरवायची. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळायचा, तिच्यावरच्या खुणेवरून स्त्री की पुरुष, विवाहित की विधवा. मग कारकून त्या चिठ्ठ्या कप्प्यांत टाकत, गठ्ठे मोजत आणि बेरजा तक्त्यात चढवत. तक्ते छापून झाले की मूळ कागद बहुतेक ठिकाणी नष्ट केले गेले. जपणूक झाली ती बेरजांची. माणसांची नावे गेली.

म्हणून जनगणनेच्या खंडात एखाद्या जातीची जिल्ह्यातली संख्या सापडते, तुमच्या पणजोबांचे नाव सापडत नाही. 2023 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांचे जनरल रजिस्टर, महसुलाची जुनी पत्रके असे दप्तर धुंडाळावे लागले, ते यामुळेच. स्वातंत्र्यानंतर तर 1948 च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक नोंद गोपनीय केली. अमेरिकेत 72 वर्षांनी घराघराचे जनगणनापत्रक लोकांना खुले होते. आपल्याकडे अशी तरतूद नाही.

आता सांध्याकडे वळू. बीडचा शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडायला बसलेल्या माणसाला 1951 पर्यंत हैदराबादचे खंड उघडावे लागतात आणि 1961 पासून महाराष्ट्राचे. मधल्या काळात, 1956 मध्ये, मराठवाडा मुंबई राज्यात आला. जुन्या खंडात ‘भीर’ शोधावे लागते, अंबाजोगाईसाठी ‘मोमिनाबाद’. संस्थानी दप्तरात फसली साल असते, त्यात 590 मिळवले की इसवी सन जवळपास जुळतो. कागद कधी इंग्रजीत, कधी उर्दूत, गावपातळीवर उतरलो तर मोडीत. हे सारे वाचू शकणारी माणसे कमी होत चालली आहेत, आणि मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते.

नावे जुळली तरी सीमा जुळत नाहीत. 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला, तेव्हा अंबाजोगाई तालुक्यातली रेणापूर भागातली गावे तिकडे गेली. शिरूर कासार आणि वडवणी हे तालुके तर अलीकडचे. तेव्हा बीड तालुक्याची जुनी लोकसंख्या आजच्या बीड तालुक्याशी ताडून पाहायची, तर गाव हे एकक धरून पुन्हा बेरीज करावी लागते. गावनिहाय आकडे 1951 पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत मिळतात, त्यामुळे तिथून पुढे हे जमते. मागे जाताना अंदाजाचा आधार घ्यावा लागतो.

मोजण्याची रीतही बदलली. 1931 पर्यंत एका ठरलेल्या रात्री जो जिथे असेल, तो तिथला धरला जाई. गडावर मुक्कामाला आलेला वारकरी त्या रात्री गडावरच मोजला जायचा. नंतर ही रीत सुटली आणि नेहमीच्या राहत्या जागेला महत्त्व आले. पण बीडपुरता एक मोठा अपवाद उरला. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. ऐन गळीत हंगामात बीडची हजारो ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात. गणनेचा संपूर्ण काळ जो घराबाहेर असेल, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, हा नियम. म्हणजे कोपीत राहणारे कुटुंब कारखान्याच्या गावात जमा झाले, किंवा कुठेच झाले नाही. बीडच्या कोणत्याही तक्त्याखाली ही टीप असायला हवी.

असे असूनही या मालिकेचे मोल किती, ते एकाच उदाहरणातून कळते. शून्य ते सहा वर्षे वयाच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे बीडमध्ये 2001 साली 894 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 807 झाल्या, राज्यात सर्वांत कमी. दोन्ही गणनांची व्याख्या एक, वयोगट एक, म्हणून हा आकडा जिल्ह्याच्या तोंडावर ठेवता आला. तुलना पक्की नसती, तर कोणीही आकडेच चुकले असे म्हणून मोकळे झाले असते.

सांधा जोडण्याचे काम करणारेही आहेत. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने जुने जनगणना अहवाल संगणकावर आणले. रवींद्र पाल सिंग आणि जयंतकुमार बांठिया यांनी 1872 ते 2001 या काळात जिल्ह्यांच्या सीमा कशा हलल्या, याचा नकाशासंग्रह केला. बांठिया 2001 च्या जनगणनेचे आयुक्त होते, पुढे महाराष्ट्राचे मुख्य सचिव झाले. जनगणना खात्याचा ‘ए-2’ हा तक्ता 1901 पासूनची लोकसंख्या आजच्या जिल्ह्यांच्या सीमांत बसवून देतो. त्यातला 1901 चा आकडा आणि मूळ खंडातला आकडा वेगळे दिसले, तर घाबरू नये, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘आयपम्स’ प्रकल्पाने अनेक देशांच्या गणनांतली उत्तरे एकाच सांकेतिक यादीत बसवली. भारताच्या जनगणनेची मूळ उत्तरे मात्र त्यांच्याकडे नाहीत, राष्ट्रीय नमुना पाहणीची आहेत.

सांकेतिक यादी आधी तयार नसेल तर काय होते, हे 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात पाहणीत दिसले. 1931 मध्ये देशात 4,147 जाती नोंदल्या होत्या. 2011 च्या पाहणीत जात म्हणून आलेली नावे 46 लाखांवर गेली. एकट्या महाराष्ट्रात शासकीय यादीतल्या जाती 494, आणि पाहणीत उतरल्या 4,28,677, असे केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. आडनाव, कुळी, पोटजात, लेखनातले फरक, सारे एका रकान्यात ओतले गेले. नंतर ते निवडणे कोणालाच साधले नाही.

पुढची गणना 1 मार्च 2027 ही संदर्भतारीख धरून होणार आहे. तिच्यात जात विचारली जाईल आणि माहिती मोबाइलवर भरली जाईल. त्या वेळीही बीडचा मजूर फडावरच असेल. त्याला गावाच्या नावासह कसे मोजायचे, हे जिल्हा प्रशासनाने आणि साखर कारखान्यांनी आधीच ठरवायला हवे. जातींची सांकेतिक यादी गणनेपूर्वी लोकांसमोर यावी. आणि राज्य सरकारने हैदराबादेतल्या तेलंगणा राज्य अभिलेखागाराशी करार करून मराठवाड्याचे खंड आणि कागद छायाचित्रित करून सर्वांना खुले करावेत, ते फक्त आरक्षणाच्या कामापुरते मागवू नयेत.

ज्यांच्या घरी किंवा शाळेत निजामकालीन वही, पत्रक, दाखला आहे, त्यांनी त्याला लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. स्वच्छ उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढावा, त्यासोबत गावाचे नाव, तेव्हाचा तालुका आणि फसली साल लिहून ठेवावे, आणि एक प्रत जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात द्यावी.