दोन धावांचे नवे एंजिन : रुळवणी आणि जुळवणी

कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले यंत्र हे पूर्ण झालेले यंत्र असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दोन धावांच्या एंजिनाच्या बाबतीत ती खरी नाही. त्याच्या घडणीतील शेवटचे काम कारखान्यात होत नाही. ते वाहनाच्या मालकाच्या हातून, पहिल्या काही तासांत होते. हे काम नीट झाले तर एंजिन पुष्कळ काळ टिकते. ते बिघडले तर एखाद्या उतारावर पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट धरला जातो, मागची दोन्ही चाके एकदम थांबतात आणि स्वार पुढे फेकला जातो. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्राच्या आयुष्याचा नाही.

येथे आपण ज्या वाहनाचा विचार करणार आहोत ते चार फुगीर चाकांचे, मोटारसायकलीसारख्या खोगिराचे आणि हँडलचे वाहन होय. अमेरिकेत त्याला ए. टी. व्ही. म्हणतात. जंगलातील पायवाटा, वाळूच्या टेकड्या, दगडधोंड्यांचे चढ यांवरून ते हिंडते. पूर्वी त्याला तीन चाके असत. तीनचाकी वाहने सहज उलटत आणि अपघातांची संख्या फार वाढली, म्हणून 1988 साली अमेरिकेत सरकार व उत्पादक यांच्यात झालेल्या तडजोडीने त्यांची विक्री थांबली. दोन धावांच्या चारचाकींमध्ये यामाहा कंपनीची ‘बॅन्शी’ विशेष गाजली. अमेरिकेत ती 1987 पासून 2006 पर्यंत विकली गेली. तिच्या एंजिनाला शेजारीशेजारी दोन सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास 64 मिमी, धाव 54 मिमी आणि दोन्हींची मिळून क्षमता 347 घन सेंमी. भारतीय वाचकांपैकी ज्यांनी 1983 साली आलेली ‘राजदूत 350’ ही मोटारसायकल पाहिली असेल, त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. तिच्या एंजिनाची मापेही हीच होती. मात्र राजदूत वाऱ्याने थंड होई आणि बॅन्शी पाण्याने.

आता या एंजिनाचा स्वभाव पाहू. त्यात वर-खाली उघडमीट करणाऱ्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत द्वारे कोरलेली असतात आणि स्वतः पिस्टनच ती झाकतो व उघडतो. पिस्टन वर जाताना वरच्या बाजूला मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खालच्या क्रँकपेटीत पोकळी निर्माण होऊन कार्बुरेटरमधून ताजे मिश्रण आत ओढले जाते. ठिणगी पडते, पिस्टन खाली ढकलला जातो. प्रथम धूर बाहेर जाण्याचे द्वार उघडते, मागोमाग क्रँकपेटीतील मिश्रण वर येण्याची द्वारे उघडतात. दोन धावांत सर्व कार्य संपते. परंतु क्रँकपेटीचा उपयोग मिश्रण ओढण्यासाठी होत असल्याने तेथे वंगणाचे तेल भरून ठेवता येत नाही. तेल पेट्रोलबरोबरच यावे लागते. जुन्या स्कूटरवाल्यांना पंपावर पेट्रोलमध्ये तेल मिसळून घेण्याची आठवण असेल. पुढे काही वाहनांत तेलासाठी वेगळा पंप आला, पण बॅन्शीत तेल टाकीतच मिसळावे लागे.

या एका गोष्टीतून पुष्कळ काही निघते. पेट्रोल बंद झाले की तेलही बंद होते. लांब उतारावर स्वाराने थ्रॉटल मिटला आणि गिअर तसाच ठेवला, तर चाके एंजिनाला वेगाने फिरवत राहतात, पण पिस्टनला तेल जवळजवळ मिळत नाही. चार धावांच्या वाहनावर जी सवय काटकसरीची ठरते तीच येथे घातक ठरते. उतारावर अधूनमधून थ्रॉटल किंचित उघडावा, किंवा क्लच ओढून एंजिनाला सुटे करावे.

रुळवणीची गरज का पडते, हे दोन कारणांवरून समजते. पहिले कारण उष्णतेचे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडरची आतली भिंत ओतीव लोखंडाची असते. तापमान 100 अंशांनी वाढले तर 64 मिमी व्यासाचा पिस्टन सुमारे 0.13 मिमीने फुगतो. लोखंडी सिलिंडर मात्र जेमतेम 0.07 मिमीने. थंड असताना दोहोंमधील मोकळी जागा साधारण तेवढ्याच मापाची, म्हणजे मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. त्यातही पिस्टन लवकर तापतो आणि सिलिंडर सावकाश. पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनात तर भिंतीभोवती गार पाणी असते. थंडीच्या सकाळी एंजिन सुरू करून लगेच पूर्ण वेगाने पिटाळले, तर आत पिस्टन फुगलेला आणि भोवती सिलिंडर अजून आखडलेला, अशी स्थिती येते. नव्या पिस्टनवर कोठे तरी सूक्ष्म उंचवटे असतातच. ते प्रथम टेकतात, घासतात, आणखी तापतात, आणि पिस्टन धरला जातो.

दुसरे कारण पिस्टनच्या कड्यांचे, म्हणजे रिंगांचे. सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तिच्यावर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी ओढलेली असते. या रेघांत तेल टिकते आणि त्यांच्या कडांवर घासून रिंग भिंतीच्या आकाराची होते. रिंगेला भिंतीवर दाबण्याचे काम तिच्या स्वतःच्या ताणापेक्षा तिच्या मागे शिरणारा ज्वलनाचा वायू अधिक करतो. यामुळे अतिकाळजी घेणाऱ्या मालकाचेही नुकसानच होते. जो आठवडाभर मुंगीच्या पावलांनी वाहन चालवतो, त्याच्या एंजिनात वायूचा दाब पुरेसा निर्माण होत नाही; रेघांच्या कडा रिंग बसण्यापूर्वीच झिजतात, भिंतीवर तकाकी चढते आणि ती रिंग पुढे कधीच नीट बसत नाही. नवे एंजिन जपावे हे खरे, परंतु त्याला काम न देणे म्हणजे जपणे नव्हे.

व्यवहारात पद्धत अशी. प्रथम एंजिन सुरू करून हलक्या थ्रॉटलवर काही मिनिटे, पाण्याची टाकी हाताला चांगली गरम लागेपर्यंत चालवावे आणि बंद करावे. मग ते पूर्ण थंड होऊ द्यावे. कोमट चालत नाही. हात ठेवला असता हवेइतकेच गार लागले पाहिजे. असे दोन-तीन वेळा करावे. पहिल्या थंड होण्यानंतर सिलिंडरच्या डोक्याच्या नटांची पकड मापाच्या पान्याने तपासावी, कारण नवे गॅस्केट दबून बसते आणि नट सैल पडतात. त्यानंतर वाहन मोकळ्या, सपाट जागी न्यावे. थ्रॉटल अर्ध्यापर्यंत उघडावा, सोडावा, पुन्हा उघडावा. गिअर बदलत राहावे. एकाच वेगाने दूरवर जाणे टाळावे, आणि वरच्या गिअरमध्ये एंजिन कण्हत असताना चढ चढणेही टाळावे. मधूनमधून क्षणभर तीन-चतुर्थांश थ्रॉटल द्यावा, म्हणजे रिंगेवर दाब येतो. लगेच सोडावा, म्हणजे उष्णता साठत नाही. निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला काळ संपेपर्यंत खोल वाळू आणि लांब चढ यांपासून दूरच राहावे हे उत्तम.

तेलाच्या प्रमाणाविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. 32 भागांस एक म्हणजे लिटरला सुमारे 31 मिलिलिटर, 20 भागांस एक म्हणजे 50 मिलिलिटर. नव्या एंजिनाला अधिक तेल म्हणजे अधिक सुरक्षितता, असे समजून काही जण हात सैल सोडून तेल ओततात. पण कार्बुरेटरच्या जेटचे छिद्र तेवढेच असते. त्यातून तेल अधिक गेले की पेट्रोल तेवढे कमी जाते, म्हणजे मिश्रण विरल होते. आणि विरल मिश्रण जास्त तापते. तेल वाढवावयाचे असेल तर जेटचाही विचार करावा लागतो. पुस्तिकेतील प्रमाण पाळावे, चांगल्या प्रतीचे तेल घ्यावे आणि मापाचे भांडे वापरावे, एवढे पुरे.

रुळवणी संपली की जुळवणीकडे वळता येते. जुळवणीचे हृदय म्हणजे कार्बुरेटर. त्यात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ठरवणाऱ्या व्यवस्था एकावर एक अशा रचलेल्या असतात. थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असताना पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचे राज्य असते. किंचित उघडल्यावर सरकत्या झडपेच्या खालच्या तिरक्या कापाचे. पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये निमुळत्या सुईचे. आणि त्यापुढे मुख्य जेटचे. म्हणून तक्रार कोणत्या थ्रॉटलला येते हे ओळखल्याशिवाय कशालाही हात लावू नये. गावोगावचे अर्धे कार्बुरेटर या एका नियमाच्या अज्ञानामुळे बिघडतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

सुरुवात मुख्य जेटपासून करावी, आणि ती नेहमी मोठ्या जेटने, म्हणजे समृद्ध मिश्रणाने करावी. पेट्रोल अधिक असेल तर एंजिन घोगरे बोलते, प्लग काळा व ओलसर होतो, शक्ती कमी मिळते; पण मोडत काही नाही. मग एकेक जेट लहान करीत जावे. नवा प्लग लावून, एंजिन पूर्ण गरम असताना मोकळ्या जागी पूर्ण थ्रॉटलवर काही अंतर जावे. नंतर एकाच वेळी क्लच ओढून एंजिन बंद करावे. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या मुळाशी उठलेले वर्तुळ पाहावे. ते बदामी-तपकिरी असेल तर ठीक. पांढरे असेल तर पेट्रोल कमी पडत आहे. चिनी मातीवर चकचकीत राखाडी ठिपके दिसले, तर ते पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे कण होत, आणि त्या दिवशी फेरफटका तेथेच थांबवावा. सर्वांत फसवी गोष्ट ही, की मिश्रण विरल होत जाते तसतसे एंजिन अधिक उत्साही वाटते. आवाज कोरडा व धारदार होतो, ओढ वाढते. जळण्यापूर्वीची काही मिनिटे ते सर्वांत चांगले चालते.

हवेच्या स्क्रूची जुळवणी त्या मानाने सोपी. गरम एंजिन मंद चालू ठेवून स्क्रू हळूहळू बाहेर फिरवावा आणि फेरे सर्वांत जास्त वाढतात तेथे थांबावे. हे स्थान एक ते अडीच फेऱ्यांच्या दरम्यान आले पाहिजे. एका फेऱ्याच्या आत आले तर पायलट जेट लहान आहे, अडीचच्या पलीकडे गेले तर मोठा. बॅन्शीला दोन कार्बुरेटर असल्याने दोन्ही झडपा एकाच क्षणी उठतात की नाही, हेही पाहावे लागे. आणि थ्रॉटल सोडल्यावर एंजिनाचे फेरे लगेच उतरत नसतील, तर जेटांना दोष देण्याआधी कार्बुरेटरचे रबरी जोड आणि क्रँकची सीले तपासावीत. तेथून चोरट्या हवेचा शिरकाव होत असतो. अशी गळती मोठ्या जेटने झाकणे म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बदलणे.

एकदा जुळवलेले एंजिन कायमचे जुळलेले राहत नाही, कारण हवाच बदलते. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेस, इंपीरियल वाळूच्या टेकड्यांत हौशी स्वार हिवाळ्यात गोळा होतात. 40 अंशांच्या दुपारी जुळवलेल्या एंजिनाला 5 अंशांच्या पहाटे आठव्या भागाइतकी अधिक दाट हवा मिळते. जेट तोच, म्हणून मिश्रण विरल. तेच वाहन यूटा राज्यातील पायूट ए. टी. व्ही. वाटेवर नेले तर उलटे घडते. ती वाट 3,000 मीटरांपलीकडे चढते आणि तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांशच असते. एंजिन घुसमटते, प्लग काळा पडतो. तेथे लहान जेट घालावा हे योग्य. पण घरी परतताना तो बदलण्यास विसरणाऱ्याचा पिस्टन खाली येताच जळतो. चढताना विसरलात तर त्रास होतो, उतरताना विसरलात तर खर्च.

पायवाटेसाठी जुळवणी आणि शर्यतीसाठी जुळवणी यांत फरक आहे. दोन धावांच्या एंजिनाची बरीचशी शक्ती त्याच्या फुगीर धूरनळीतून येते. नळीतील दाबलहरी परत फिरून, बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतात. पूर्व जर्मनीतील एम. झेड. कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र सिद्ध केले. त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर 1961 साली पश्चिमेकडे पळाला, सुझुकी कंपनीला मिळाला आणि पुढच्याच वर्षी 50 घन सेंमी गटात सुझुकीला जगज्जेतेपद मिळाले. पण या लहरी ठराविक फेऱ्यांनाच जुळतात. त्याखाली एंजिन मरगळलेले आणि त्यावर एकदम उसळणारे. वाळूत हे सुखावह असते, झाडांच्या दाटीत आणि ओल्या मुळ्यांवर नाही. म्हणून पायवाटेच्या स्वाराने मोठमोठ्या फेऱ्यांच्या नळ्यांच्या मागे न लागता मागील दातेरी चक्र एक-दोन दात मोठे घ्यावे, म्हणजे कमी वेगातही एंजिन त्याच्या आवडत्या फेऱ्यांत राहते. सुई अशी ठेवावी की पाव ते अर्ध्या थ्रॉटलमध्ये ओढ सलग मिळेल, कारण पायवाटेवरचा बहुतेक वेळ तेथेच जातो.

धूरनळीच्या टोकाला ठिणगी अडवणारी जाळी असावी. अमेरिकेतील सरकारी जंगलांत ती सक्तीचीच आहे आणि वाळलेल्या गवताच्या दिवसांत तिचे कारण विचारावे लागत नाही. तेलकट काजळीने ती तुंबली की एंजिन घुसमटते, आणि नवखा मालक पुन्हा कार्बुरेटर उघडून बसतो. आधी जाळी साफ करावी. स्पंजाची हवेची गाळणी धुवून, वाळवून, तेल लावूनच परत बसवावी. कोरड्या गाळणीतून धूळ आत जाते आणि जी जाळीदार भिंत रुळवण्यासाठी इतके दिवस घालवले ती एका धुळीच्या दुपारी घासून जाते. खिशात दोन प्लग, त्यांचा पाना आणि मुख्य जेटांची एक छोटी डबी असू द्यावी. डबीवर आतील जेटचे आकडे आणि ते कोणत्या उंचीला बसवले होते हे लिहून ठेवलेले असावे.